दुसरी ओटी

“खाण्याचे पदार्थ, धान्य, बिया, झाडपाला. यातलं काही आहे का आपल्याकडे?” मुकुंदनं कार्ड गुडघ्यावर ठेवून पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“नाही,” मी म्हटलं.

“नीट आठव.”

“अहो, आठवायचंय काय त्यात? बॅगा तुम्हीच भरल्यात.”

ते खरंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी डोंबिवलीला त्याच्या थोरल्या भावाकडे त्यानं चादर अंथरून माझ्या दोन्ही बॅगा उपड्या केल्या होत्या. मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, लिंबाचं लोणचं. एकेक डबा उचलून तो वहिनींच्या हातात देत होता आणि वहिनी “अरे, एवढं तरी नेऊ दे तिला” म्हणत म्हणत सगळं फडताळात रचत होत्या. कराडहून निघताना इंदूकाकूनं चार सवाष्णींच्या देखत माझी ओटी भरली होती, तीही नारळ-तांदळांसकट तिथंच राहिली. “ऑस्ट्रेलियात यातलं काही चालत नाही,” तो म्हणाला होता. “पकडलं तर दंड. वर आपलं नाव त्यांच्या कॉम्प्युटरात कायमचं.” चित्रगुप्ताला कुणी भ्यायलं नसेल एवढा तो त्या कॉम्प्युटरला भीत होता.

त्याचंही चूक नव्हतं म्हणा. पुण्यातल्या कारखान्यातली टूलरूमची नोकरी सोडून, राहत्या खोलीचा ताबा देऊन आम्ही निघालो होतो. परतायचं म्हटलं तर परतायला जागा नव्हती. लग्नाला महिना झाला होता आणि आम्ही दोघंही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो होतो. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायची. आता नावानं हाक मारते, कारण मेलबर्नच्या दुकानात ‘अहो’ म्हटलं की कुणी वळून बघत नाही, हासुद्धा नाही.

त्यानं कार्डावर ‘नाही’ला खूण केली, खाली माझी सही घेतली. आणि माझा हात आपोआप कमरेवर गेला.

“पोटात दुखतंय का तुझ्या?” त्यानं विचारलं. “मुंबईपासून बघतोय, सारखा हात तिथंच.”

“गार वाजतंय,” मी म्हटलं आणि स्वेटर खाली ओढला.

स्वेटरच्या आत, निऱ्यांपाशी, परकराच्या नेफ्यात घट्ट खोचलेलं हिरव्या खणाचं गाठोडं होतं. मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी आणि एक रुपया. ही दुसरी ओटी. माझ्या आईनं दिलेली. ती देताना आईनं एकच मागणं मागितलं होतं, “नव्या घरात शेगडी पेटेल ना, तेव्हा पहिल्यांदा ह्या तांदळाची खीर कर. दोघं मिळून खा. टाकू मात्र नकोस, उज्जू.” मी शब्द दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग कार्डावर खरं का नाही सांगितलं? अहो, ओटी म्हणजे का धान्य? ओटीतल्या तांदळाला कुणी तांदूळ म्हणतं का आपल्यात? तो काय वाण्याकडून आणलेला जिन्नस असतो? कार्डावर धान्याचा रकाना होता, ओटीचा नव्हता. असं मी माझ्या मनाला समजावत होते. मन ऐकत नव्हतं ते सोडा.

पासपोर्टाची रांग सुखरूप पार पडली. गोऱ्या माणसानं शिक्का मारला, काहीतरी बोलून हसला. मुकुंदनं दोन्ही पासपोर्ट खिशात घालून वरून दोनदा थोपटले. मग सामानाचा पट्टा. आमच्या बॅगा आल्या, एकीला काकूनं ओळखीसाठी लाल नाडी बांधली होती ती तशीच होती. दाराच्या पलीकडे त्याचा कॉलेजातला मित्र देवस्थळी गाडी घेऊन थांबणार होता. मुकुंदचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा जरा सैल झाला.

“झालं बरं का,” तो म्हणाला. “आता फक्त ते कार्ड द्यायचं आणि बाहेर.”

तेवढ्यात ते कुत्रं आलं. बुटकं, लांब कानांचं, तपकिरी-पांढरं, अंगात जाकीट घातलेलं. एक तरुण मुलगी त्याला साखळीनं फिरवत होती. कुत्रं प्रत्येकाच्या बॅगेला नाक लावत पुढं जात होतं. कुत्र्यांची मला भारी हौस. ते आमच्यापाशी आलं, बॅगांना नाक लावून पुढं गेलं, परत मागं वळलं, माझ्या साडीपाशी आलं आणि शहाण्या पोरासारखं चक्क खाली बसलं. मान वर करून माझ्याकडे बघत.

“बघ,” मुकुंद हसून म्हणाला, “इथल्या कुत्र्यालासुद्धा आवडलीस.”

मीही हसले. ती मुलगी हसली नाही. तिनं कुत्र्याला खाऊ दिला आणि आम्हाला हातानं बाजूच्या लांब स्टीलच्या टेबलाकडे जायला सांगितलं.

“काय म्हणते?” मी विचारलं. कानावर पडलेलं इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं पळायचं.

“काही नाही, नेहमीची तपासणी असेल. तू बोलू नकोस, मी बोलतो.” पण त्याच्या कपाळावर घाम आला होता.

टेबलापाशी एक पोक्त बाई होती. करडे केस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात रबरी मोजे. तिनं कार्ड बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश विचारलं. मुकुंद तिला म्हणाला ते मला शब्दन् शब्द कळलं, कारण तेवढं वाक्य त्यानं घरी पाठ केलं होतं. आमच्याकडे खाण्याचं काहीही नाही. बॅगा मी स्वतः भरल्यात.

बाईनं बॅगा उघडल्या. माझ्या साड्या, त्याचे शर्ट, कुकर, पोळपाट-लाटणं. पोळपाट उलटापालटा करून, बोटांनी चाचपून तिनं बाजूला ठेवला. मुकुंद प्रत्येक वस्तूला “घरातलं आहे, घरातलं आहे” म्हणत होता. तळाशी काही निघालं नाही. त्यानं सुस्कारा सोडला.

बाईनं मान हलवून त्या मुलीला खूण केली. कुत्रं पुन्हा आलं. बॅगांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. सरळ माझ्यापाशी आलं आणि बसलं.

“मॅडम,” बाई माझ्याकडे वळून म्हणाली. पुढचं मला कळलं नाही, पण तिचं बोट माझ्या स्वेटरकडे होतं.

मुकुंद एकदम तापला. “अंगावर काय असणार?” तो आधी मराठीत बोलला, मग भान येऊन इंग्रजीत. “माझी बायको आहे ती. लग्न होऊन महिना झालाय. ती म्हणते काही नाही, म्हणजे काही नाही. मी सांगतो ना!”

मेले मी तिथं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. महिन्याभराची ओळख, आणि हा माणूस परक्या मुलखात, त्या कॉम्प्युटरसमोर, माझी ग्वाही देत होता.

“अहो,” मी म्हटलं.

“थांब तू जरा.”

“अहो, आहे.”

“काय आहे?”

मी स्वेटर वर केला, नेफ्यातलं गाठोडं सोडवलं आणि टेबलावर ठेवलं. हिरवा खण घामानं थोडा ओलसर झाला होता. बाईनं गाठ सोडली. तांदूळ जरासे सांडले, त्यांना हळद-कुंकू लागलेलं होतं. खोबऱ्याची वाटी डुगडुगत टेबलाच्या कडेपर्यंत गेली. तिनं ती झेलली.

मुकुंदकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

“ओटी?” तो हळू आवाजात म्हणाला. “ओटी तर आपण डोंबिवलीला ठेवली. माझ्यासमोर ठेवलीस तू वहिनींकडे.”

“ती काकूंची. ही दुसरी.”

“दुसरी कुठली?”

“आईनं भरलेली.”

“कुणाच्या आईनं?”

“माझ्या. आणखी कुणाच्या?”

लग्नात माझी आई त्यानं पुरती पाहिलीसुद्धा नव्हती. कन्यादान काका-काकूंनी केलं. सीमंतपूजनापासून वरातीपर्यंत सगळीकडे इंदूकाकू पैठणी नेसून मिरवत होती. आई मागं स्वयंपाकघरात पानं किती, जिलबी पुरेल का, ते बघत होती. मंगलाष्टकं चालली असताना मी अंतरपाटाआडून मान वळवून दाराकडे बघत होते, तर भटजी म्हणाले, “मुली, समोर बघ.” दारात आईच्या साडीचा काठ तेवढा दिसला.

“तुझ्या आईंनी?” मुकुंद म्हणाला. “पण त्या तर...”

“विधवा आहेत. म्हणा की. अडलात कशाला?”

बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं हळकुंड नाकाशी नेलं, पुन्हा ठेवलं आणि मुकुंदला काहीतरी विचारलं.

“विचारतेय, हे पेरायला आणलंय का,” तो म्हणाला. “मी सांगतो देवाचं आहे. प्रसाद म्हणून. तेवढंच सांगतो.”

“देवाचं नाही ते. आईचं आहे. खरं ते सांगा.”

“उज्ज्वला, आता तरी खोटं-खरं मला शिकवू नकोस!” तो इतक्या जोरात बोलला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. मग आवाज खाली आणून, दातओठ खात, “तुला कळतंय का काय केलंस ते? खोट्या कार्डाखाली सही आहे तुझी. मी त्या बाईला छाती ठोकून सांगितलं. आता ही मला काय समजेल? आणि कशासाठी? मूठभर तांदळासाठी? इथं पोत्यानं मिळतो तांदूळ!”

“मिळत असेल.”

“मग?”

मग काय सांगणार होते? कराडहून निघायच्या दिवशी जीप दारात उभी होती. काकूची ओटी भरून झाली, मी सगळ्यांच्या पाया पडले आणि आईला भेटायला मागं गेले. ती कोठीच्या खोलीत होती. मला आत ओढून तिनं दाराला आतून कडी घातली. पत्र्याच्या ट्रंकेतून हा खण काढला. कधी आणून ठेवला होता कोण जाणे.

बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून आईनं कुणाची ओटी भरली नव्हती. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की आई दोन दिवस आधी जाऊन त्यांच्या करंज्या, अनारसे करून द्यायची. आणि त्या दिवशी घरी बसायची. बोलावणं काकूला यायचं. मला लहानपणी वाटायचं, आईला गर्दी आवडत नाही.

कोठीत तिनं तांदळाच्या डब्यात हात घातला आणि थांबली. “आधी काय गं, उज्जू?” ती म्हणाली. “आधी खण की आधी तांदूळ? मला मेलीला आठवतच नाही.”

“कसंही भर गं,” मी म्हटलं.

ओंजळ भरायची तिची हिंमत झाली नाही. मूठभरच घातले तिनं. मग म्हणाली, “कुंकू तुझं तू लाव. ते नको मला सांगूस.” मी तिचं बोट धरलं, करंड्यात बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. ती नको नको म्हणत होती आणि बोट काढून घेत नव्हती. मग गाठोडं बांधताना ती खीर करायची गोष्ट बोलली. आणि शेवटी, “सासरी कुणाला सांगू नकोस हं. आणि हे बघ, काही वाईटवंगाळ झालं तर मला लगेच कळव.”

“काय वाईट होणारे?”

“नाहीच व्हायचं. पण झालं तर.”

बाहेरून काकूनं हाक मारली, “उज्ज्वला, अगं, किती वेळ?” आईनं घाईघाईनं माझ्या कपाळावरचं जास्तीचं कुंकू पदरानं टिपलं, कुणाला दिसू नये म्हणून.

हे सगळं मी त्या टेबलापाशी उभी राहून मुकुंदला सांगितलं. जसं आठवेल तसं, आगापिच्छा न बघता, आणि रडत. मला रडायची लाज वाटत नव्हती, राग येत होता. “बारा-तेरा वर्षांत तिनं एकदा हात उचलला,” मी म्हटलं. “एकदा. तो मी डोंबिवलीच्या फडताळात टाकून येऊ?”

मुकुंद टेबलावरच्या तांदळाकडे बघत होता. “माझ्या आईनं मला निघताना बजावलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाली, नवा संसार आहे, त्यांच्या हातचं शकुनाचं काही...”

“तुमच्या आईचं कळलं मला,” मी म्हटलं. “तुमचं काय?”

त्या बाईनं घसा खाकरला. ती एवढा वेळ थांबली होती हेच खूप. ती मुकुंदशी बोलली आणि तो माझ्याकडे न बघता एका सुरात सांगत गेला. “खण आणि नाणं घेऊन जा म्हणते. तांदूळ, खोबरं, हळद, सुपारी यातलं काही ह्या टेबलाच्या पुढं जाणार नाही. नियम आहे. दंड होईल. हे सगळं त्या डब्यात जाईल आणि जाळतात नंतर.”

टेबलाशेजारी झाकणाचा मोठा पिवळा डबा होता. बाईनं पायानं झाकण उघडलं आणि खणाची दोन टोकं धरली.

“थांबा!” मी मराठीतच ओरडले. हात टेबलावर आडवा घातला. “तिला विचारा, मी इथं खाल्ले तर चालतील का?”

“काय?”

“टेबलाच्या पुढं जाणार नाहीत ना? मग अलीकडेच खाते.”

“वेड लागलंय का तुला? कच्चे तांदूळ?”

“विचारा म्हणते ना!”

“मी नाही विचारणार असलं काही.”

“नका विचारू.” मी बाईकडे वळले. बी.कॉम.पर्यंत शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा केलं. तांदळाकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे, मग खाली जमिनीकडे. “मदर गिव्ह. आय ईट. हिअर. नो थ्रो. प्लीज.”

बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून. मग झाकणावरचा पाय काढला, झाकण खाली आलं. ती काहीतरी पुटपुटली आणि आमच्याकडे पाठ करून दंडाचा कागद लिहायला लागली.

“काय म्हणाली?”

“म्हणाली,” मुकुंद कोरड्या आवाजात म्हणाला, “पोटात काय आहे ते तपासणं माझ्या खात्यात येत नाही.”

मी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. कच्चे तांदूळ कधी खाल्लेत? लहानपणी निवडताना खातो ती गंमत वेगळी. रडून घशाला कोरड पडलेली असताना ते जात नाहीत. कडाकडा वाजत होते दाढेखाली, कुंकवाचा कडवटपणा जिभेला लागत होता. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब माझ्याकडे टक लावून बघत होतं. बघा म्हटलं. मी दुसरी चिमूट घेतली. चावत होते आणि मनात एकच, हे आत्ता निघून जाणार. मला इथं ठेवून नाही जायचा, तेवढा वाईट नाही. पण मनानं जाईल, आणि मग ह्या देशात मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

तेवढ्यात तो खाली वाकला. आलं लक्षात. बॅग उचलतोय.

मी तिसरी चिमूट घेतली, पण तोंड हालेना. डोळे मिटूनच उभी राहिले.

“जरा सरक,” तो म्हणाला.

डोळे उघडले तर त्याच्या बॅगा तिथंच होत्या. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. नवे कोरे बूट, ह्या प्रवासासाठी घेतलेले, करकचून बांधलेले. एक सुटेना तर त्यानं टाच दाबून तसाच ओढून काढला. दोन्ही बूट टेबलाखाली सारले आणि मोज्यांनिशी त्या गार फरशीवर उभा राहिला, आपण देवळात उभे राहतो तसा. उजव्या हाताखाली डावा हात धरून त्यानं माझ्यापुढं ओंजळ केली.

“दे,” तो म्हणाला.

मला काही सुधरेना. “अहो, तुमच्या आई...”

“दे म्हणतो ना. सगळे एकटीच संपवणार आहेस का?”

मी खण उचलून उरलेल्यातले निम्मे त्याच्या हातावर घातले. त्यानं ते कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. चावताना त्याचा चेहरा इतका वाकडा झाला की मला रडता रडता हसू फुटलं. “हसू नकोस,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “ठसका लागेल.” टेबलावर सांडलेले दाणेसुद्धा त्यानं बोटाला चिकटवून उचलले, एकेक करून.

हळकुंड, सुपारी आणि खोबरं पिवळ्या डब्यात गेलं. तेवढं मात्र गेलं. बाईनं खण झटकला, चार घड्या घातल्या, त्यावर रुपया ठेवला आणि माझ्या हातात दिला. दंड झालाच. मुकुंदनं मुकाट्यानं भरला, बूट घातले, आणि आम्ही बाहेर पडलो. देवस्थळीनं विचारलं, “एवढा उशीर?” मुकुंद म्हणाला, “जेवत होतो.”

त्या दिवशी संध्याकाळी देवस्थळीच्या घरून कराडला फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या जोशीकाकांकडे होता. त्यांनी आईला बोलावून आणेपर्यंत मी रिसीव्हर कानाला धरून तिच्या चपलांचा आवाज येतोय का ते ऐकत होते.

“पोचलात?” आई धापा टाकत होती. “नीट पोचलात ना? थंडी आहे का?”

“पोचलो. सगळं छान आहे.”

मग तिनं आवाज बारीक केला. जोशीकाकू तिथंच असणार. “ते... केलंस का गं? की अजून शेगडी नाही मिळाली?”

“केली की,” मी म्हटलं. “देवस्थळींच्या शेगडीवर केली. मस्त झाली होती खीर.”

मुकुंद शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. मी त्याचा दंड धरला, मान हलवून नको नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

“आई, मी मुकुंद,” तो म्हणाला. आजवर तो तिच्याशी असा बोललाच नव्हता. “ही थापा मारतेय. खीरबीर काही केली नाही. विमानतळावर अडवलं आम्हाला. तांदूळ पुढं नेऊ देईनात, म्हणून तिथंच खाल्ले. कच्चेच. दोघांनी... हो, मीपण... नाही हो, एक दाणा टाकला नाही... अहो, खरंच, विचारा तिला. फक्त आई, फार कोरडे होते. पुढच्या वेळी ओटीत थोडी साखरपण घाला.”

त्यानं रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मला वाटलं, फोन कट झाला.

“आई?”

“अगं, कच्चे तांदूळ!” ती एकदम म्हणाली. रडत होती की रागावली होती, कळेना. “कुंकू लागलेले! असं खातं का कुणी? पोटात नाही ना दुखलं जावईबापूंच्या?”

“नाही दुखलं.”

“नक्की?”

“अगं, नक्की. आत्ता दोनदा भात वाढून घेतला त्यांनी.”

मग अगदी हळू, जोशीकाकूंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं तेच विचारलं, पण आता ती पोटाचं विचारत नव्हती.

“उज्जू, त्यांना काही झालं नाही ना गं?”

मी खिडकीकडे बघितलं. तो तिथं मोज्यांनिशी उभा होता, उजवा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला.

“नाही, आई,” मी म्हटलं. “काही होत नाही.”